आबांची जीप आणि दोन जादा पाटे

सस्पेन्शन म्हणजे काय, असं व्हायव्हात विचारलं की आपण सगळे एकच उत्तर देतो : ‘रस्त्याचे धक्के गाडीपर्यंत पोचू न देणारी यंत्रणा.’ एक्स्टर्नल मान डोलावतात आणि पुढचा रोल नंबर पुकारतात. उत्तर चूक नाही, पण अर्धवट आहे. जुन्या जीपच्या बाबतीत तर पाव हिस्साच. जीपमध्ये धक्के खाणारा जो पोलादी पाटा असतो, तोच ॲक्सलला जागेवर धरतो. ब्रेक मारल्यावर आणि गिअर टाकल्यावर ॲक्सलला बसणारा पीळही तोच सोसतो. आणि पुढच्या चाकांचा कल किती राहणार, हेसुद्धा शेवटी त्याच्याच उंचीवर ठरतं. एकाच सालगड्याला चार कामं लावावीत तसा प्रकार. त्यातल्या एका कामासाठी पाटा कडक केला की बाकीची तीन कामं बिघडतात. हे मला भूमला, घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये, आबांच्या जीपखाली उताणं पडून नीट कळलं. मशीन डिझाइनमधला लीफ स्प्रिंगचा धडा ज्यांना पाठ आहे पण पटलेला नाही, त्यांच्यासाठी हा लेख.

आधी गाडीची ओळख. महिंद्राची सीजे-३बी, आरसी बुकात साल १९७१. तिचं मूळ घराणं अमेरिकेतल्या विलीज कंपनीचं. दुसऱ्या महायुद्धात १९४१ पासून ‘एमबी’ नावाची जी लष्करी जीप निघाली, तिचीच ही नागरी नात. युद्ध संपल्यावर काही वर्षांतच मुंबईत माझगावला महिंद्राने विलीजच्या जीपा जुळवायला सुरुवात केली आणि पुढे त्या इथेच बनू लागल्या. अमेरिकेत सीजे-३बी १९५३ ते १९६८ एवढीच निघाली; आपल्याकडे मात्र ती त्यानंतरही बनत राहिली. उंच बॉनेट ही तिची खूण. आत १३४ घनइंचांचं, म्हणजे साधारण २.२ लिटरचं ‘हरिकेन’ पेट्रोल इंजिन. त्यात इनलेट व्हाल्व्ह हेडमध्ये आणि एक्झॉस्ट व्हाल्व्ह ब्लॉकमध्ये. या रचनेने इंजिनाची उंची वाढली, म्हणून बॉनेट वर उचलावं लागलं. पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर फक्त ८० इंच, म्हणजे २०३२ मिलिमीटर. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आमच्याकडे तिचं काम दुधाचं. भूम तालुका खव्यासाठी ओळखला जातो. कुंथलगिरीचा पेढा तुमच्यापैकी कित्येकांनी खाल्ला असेल. भट्ट्यांना दूध लागतं आणि आबा ते वाड्यावस्त्यांवरून गोळा करून आणत. चाळीस लिटरचे आठ कॅन म्हणजे नुसतं दूधच सव्वातीनशे किलो. त्यावर कॅनचं वजन आणि मागे लोंबकळणारा एखाददुसरा माणूस. लष्करात विलीजच्या जीपची गणती पाव टनाच्या गाडीत व्हायची. तेव्हा आबांनी काय केलं असेल ते सांगायला नको. तेव्हा सगळेच करत तेच : मागे पाटे वाढवले.

आबा गेल्यावर वाटण्या झाल्या. विहीर, आंबा, अगदी पितळी घागरीसुद्धा मोजल्या गेल्या, पण जीप कोणी मागितली नाही. ‘घे तूच, मेकॅनिकलला आहेस ना,’ म्हणून अण्णांनी किल्ली माझ्याकडे दिली. सोबत एक अट होती. नोंदणीचं नूतनीकरण दिवाळीच्या आत करायचं होतं आणि त्यासाठी गाडी तपासणीला उभी करावी लागते. तोवर ती सरळ चालली तर ठीक, नाहीतर भंगारात. काकांनी भंगारवाल्याकडून भावसुद्धा काढून ठेवला होता.

आणि सरळ चालणं हीच तर अडचण होती. चाळीसच्या पुढे गेली की स्टीअरिंग हलकं पडायचं आणि गाडी रस्ताभर हिंडायची. वळण संपल्यावर स्टीअरिंग आपणहून सरळ होत नसे, ओढून आणावं लागे. बालाघाटाच्या उतारावर समोरून एसटी आली की शेजारी बसलेला माणूस पाय रोवून देवाचं नाव घ्यायचा. त्यात मागून असे दणके बसत, की आजी एकदा बसली ती ‘मला चालत ने, पण ह्यात नको’ म्हणाली ती म्हणालीच.

गावात निदान फुकट मिळतं. एकाने सांगितलं स्टीअरिंग बॉक्स गेला. दुसरा म्हणाला किंगपिन. तिसऱ्याने गाडीकडे न बघताच ‘अजून एक पाटा टाक, बसेल रस्त्याला’ असं सांगितलं. फक्त आमच्या मिस्त्रींनी (आबांच्या काळापासून ह्या गाडीला तेच हात लावतात) काहीच सांगितलं नाही. ते लांब जाऊन उभे राहिले आणि गाडीकडे बाजूने बघत म्हणाले, ‘ढुंगण वर करून उभी आहे बघा ही.’

खरंच होती. मोजमाप तिथूनच सुरू केलं. सपाट कोब्यावर गाडी उभी केली, चारी चाकांत हवा सारखी केली आणि जमिनीपासून चासीची उंची पुढे-मागे मोजली. आकडे मॅन्युअलमधल्या आकृतीशी ताडून बघितले, तर मागची बाजू जवळपास दोन इंच, म्हणजे पाच सेंटिमीटर वर. आता ते २०३२ काढा. पाच सेंटिमीटर भागिले दोनशे तीन सेंटिमीटर, म्हणजे गाडी नाकावर सुमारे १.४ अंश झुकलेली.

१.४ अंशांनी असं काय होतं? होतं ते हे. पुढचं चाक ज्या किंगपिनभोवती वळतं, तो किंगपिन सरळ उभा नसतो. त्याचा माथा किंचित मागे झुकलेला असतो. ह्या झुकण्याला कॅस्टर म्हणतात. सायकलचा फोर्क आठवा. हँडल सोडूनही सायकल सरळ जाते ती मुख्यतः ह्या रचनेमुळे, असं आपण शिकतो (सायकलच्या बाबतीत प्रकरण त्याहून गुंतागुंतीचं आहे, पण चारचाकीला ते पुरेसं लागू पडतं). वळणानंतर स्टीअरिंग आपणहून परत येतं ते कॅस्टरमुळे. ह्या जीपला कॅस्टर सांगितलाय तीन अंश. जीपचा पुढचा ॲक्सल अखंड आहे आणि तो पाट्यांना घट्ट आवळलेला आहे. म्हणजे चासी नाकावर झुकली की पाटे झुकतात, पाट्यांबरोबर ॲक्सल झुकतो आणि किंगपिनचा माथा तेवढाच पुढे येतो. तीनातून १.४ गेले, राहिले १.६. जवळजवळ निम्मा कॅस्टर मागच्या जादा पाट्यांनी खाल्ला होता. दुखणं पुढच्या चाकांत आणि कारण मागच्या चाकांवर!

आबांच्या वेळी हे जाणवत नसे, कारण मागे आठ कॅन असत. वजनाने मागची बाजू खाली बसायची आणि कॅस्टर जागेवर यायचा. म्हणजे पाटे वाढवणं तेव्हाच्या ओझ्यासाठी बरोबरच होतं. दुधाचा धंदा थांबला, कॅन गेले, पाटे मात्र तसेच राहिले.

आता पाट्यांकडे वळू. आपल्याकडे वर्कशॉपमध्ये ह्याला पाटा म्हणतात, कमानही म्हणतात, आणि कमान हा शब्द मला इंग्रजी नावापेक्षा जास्त बरोबर वाटतो. खाली लांबीने उतरत जाणाऱ्या पट्ट्या, वर सगळ्यात लांब मुख्य पाटा, त्याच्या दोन्ही टोकांना वळवून केलेले डोळे. मधोमध सगळ्यांना ओवणारा सेंटर बोल्ट आणि ॲक्सलशी बांधणारे यू-बोल्ट. ही कल्पना मोटारीपेक्षा जुनी आहे. लंडनमध्ये ओबडायाह एलियट याने १८०४ साली घोडागाडीसाठी लंबवर्तुळाकार पाट्यांचं पेटंट घेतलं. आपल्याकडच्या टांग्याच्या खालीही पाटेच असत. बैलगाडीला मात्र ते सुख नव्हतं.

मागचे दोन्ही पाटे उतरवले. उतरवताना एक गोष्ट पक्की : जॅकवर विसंबून गाडीखाली जायचं नाही. चासीखाली दोन स्टँड आणि वर खबरदारी म्हणून लाकडी ओंडके. पाटा ताणलेला असतो, यू-बोल्ट सोडताना तो उसळू शकतो. म्हणून ॲक्सलला वेगळ्या जॅकचा आधार देऊन आधी पाट्याचा भार काढून घ्यायचा.

एकेक पट्टी सोडवून व्हर्निअर लावला. प्रत्येक बाजूला अकरा पट्ट्या. त्यातल्या नऊ साधारण सहा मिलिमीटर जाडीच्या, टोकं निमुळती केलेली, एका घराण्यातल्या. उरलेल्या दोन आठ मिलिमीटरच्या, टोकं गॅसकटरने सरळ कापलेली, वाकही जास्त. ह्याच त्या पाहुण्या.

दोन मिलिमीटरने काय बिघडतं असं वाटेल. पण पट्टीचा ताठरपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. सहाचा घन २१६ आणि आठचा ५१२. म्हणजे एक आठ मिलिमीटरची पट्टी ही सहाच्या जवळपास दोन पूर्णांक चार पट्ट्यांइतकी. परीक्षेत आपण जे सूत्र घोकतो ते वापरलं. मागचा पाटा डोळ्यापासून डोळ्यापर्यंत बेचाळीस इंच, रुंदी पावणेदोन इंच. मूळच्या नऊ पट्ट्यांचा ताठरपणा मिलिमीटरला ३९ न्यूटन निघाला, म्हणजे पाटा एक मिलिमीटर दाबायला चार किलोचं वजन. दोन पाहुण्या धरल्या तर तोच ६० होतो. दोन पट्ट्यांनी दीडपट! शिवाय त्यांचा जास्तीचा वाक मूळ पट्ट्यांना वर ढकलत होता. दोन इंच उंचीचा हिशेब असा लागला.

दणक्यांचाही हिशेब ह्याच सूत्रात आहे. एक सोपी युक्ती सांगतो. वजनाने पाटा किती सेंटिमीटर बसतो ते बघा, त्याचं वर्गमूळ काढा आणि पाचाला त्याने भागा. उत्तर म्हणजे गाडी सेकंदाला किती वेळा वरखाली होईल तो आकडा. मागे दोन माणसं आणि थोडं सामान धरून एका पाट्यावर अडीचशे किलो आलं, तर मूळ पाटा ६.२ सेंटिमीटर बसेल. वारंवारता सेकंदाला दोन. जादा पाट्यांसह तो ४.१ च सेंटिमीटर बसतो आणि वारंवारता जाते अडीचच्या आसपास. आजच्या आरामदायी मोटारी एक ते दीडच्या दरम्यान असतात. जीप कधीच तिथे येणार नाही, ती गादी नव्हेच. पण दोन आणि अडीच यांतला फरक आजीच्या कमरेला कळतो.

तरीही गाडी कागदावरच्या अडीचपेक्षा जास्त दणकत होती. त्याचं कारण पट्ट्या सुटल्यावर दिसलं. पट्ट्यांच्या मध्ये गंजाचे पापुद्रे भरून सगळा पाटा एक ठोकळा झाला होता. लीफ स्प्रिंगची सगळी गंमत पट्ट्या एकमेकींवर घसरण्यात आहे. एका पट्टीचा ताठरपणा एक धरा. नऊ पट्ट्या मोकळ्या घसरल्या तर एकूण नऊ. पण त्या चिकटून एकच जाड तुळई झाली, तर जाडी नऊपट आणि ताठरपणा नऊचा घन, म्हणजे ७२९. मोकळ्या पाट्याच्या ८१ पट! प्रत्यक्षात गंजाने तेवढं घट्ट चिकटत नाही, मोठा खड्डा आला की पट्ट्या कशाबशा सुटतात. पण बारीक खडीवर त्या सुटतच नाहीत. तिथे गाडीला पाटा नाहीच असं समजा. एकसंध जाड पट्टी न वापरता नऊ बारीक का वापरतात, ह्या व्हायव्हातल्या प्रश्नाचं उत्तर मला त्या गंजात सापडलं.

आणि एवढ्यावर भागलं नव्हतं. शॅकलही जाम होते.

शॅकल का लागतं ते आधी बघू. पाटा कमानीसारखा वाकलेला असतो. वजन आलं की तो सपाट होऊ लागतो आणि सपाट होताना त्याच्या दोन डोळ्यांमधलं अंतर वाढतं. तीन इंचांची कमान पूर्ण सपाट झाली तर ह्या लांबीच्या पाट्यात ते सुमारे दीड सेंटिमीटर वाढतं. दोन्ही डोळे चासीला पक्के खिळले तर हा दीड सेंटिमीटर जाणार कुठे? म्हणून एक टोक पिनवर आणि दुसरं टोक झुलणाऱ्या शॅकलवर. जीपला मागच्या पाट्याचं शॅकल मागच्या टोकाला असतं आणि पुढच्या पाट्याचं पुढच्या टोकाला. शॅकल अडकलं की पाटा सपाट होऊ शकत नाही. तो दरवाजाच्या दगडी कमानीसारखा दोन्ही बाजूंना रेटा देत उभा राहतो आणि सगळा दणका चासीच्या ब्रॅकेटवर जातो. आमच्या गाडीच्या उजव्या ब्रॅकेटला वेल्डिंगचे तीन थर होते. ते का पडले असतील, ते आता समजलं.

जुन्या जीपचं शॅकल मात्र बघण्यासारखी चीज आहे. इंग्रजी यू अक्षरासारखा एकच घडीव तुकडा, त्याच्या दोन्ही पायांवर आटे, आणि बुशाच्या आतही आटे. पाटा हलला की हे आटे एकमेकांत किंचित फिरतात; झुलण्याचं काम त्या आट्यांवरच होतं. साध्या पिनेपेक्षा घासणारं क्षेत्रफळ किती तरी जास्त आणि आटेच आडव्या दिशेलाही पकडून ठेवतात, म्हणून चाक डावी-उजवीकडे डुलत नाही. अट एकच : ग्रीस. निपलमधून ग्रीस जात राहिलं तर ही रचना वर्षानुवर्षं टिकते, थांबलं की आटे गंजून एकजीव होतात.

ते सोडवायला आम्हाला तीन दिवस लागले. डिझेल आणि जुनं ऑइल सोडून रात्रभर ठेवायचं, सकाळी ठोकून बघायचं. मी पाना लावून डावीकडे जोर देणार तोच मिस्त्रींनी हात धरला. ‘थांबा मालक. हिची गाठ बघितली का?’ शॅकलच्या खालच्या पायावर एक बारीकसा घडीव उंचवटा होता. ती खूण असलेलं शॅकल उलट्या आट्यांचं. चारही शॅकल एकसारखी दिसतात, पण काहींचे आटे सुलटे आणि काहींचे उलटे असतात. सोडवायला म्हणून जोर लावावा तर ते अजून आवळतं, आणि वर लांब पाइप लावला तर पायच तुटतो. मॅन्युअलमध्ये ही एक ओळ आहे. मिस्त्रींनी मॅन्युअल कधी पाहिलेलं नाही, त्यांच्या अंगठ्याला ती गाठ माहीत आहे. नवी शॅकल आणि बुश जीपच्या सुट्या भागांच्या दुकानात मिळाले. ह्या गाड्यांचे भाग अजून बनतात, ही मोठी सोय. पिनेच्या बाजूचे काशाचे बुशही अंडाकृती झाले होते, तेही बदलले.

मुख्य पाट्यांपैकी डावा सेंटर बोल्टच्या भोकापाशी चिरला होता. पाटे बहुधा इथेच तुटतात. भोकामुळे तिथे पोलाद कमी असतं. यू-बोल्ट घट्ट असतील तर तो भाग वाकतच नाही, सैल झाले की सगळा वाक नेमका भोकावर येतो. म्हणून यू-बोल्ट जुने परत वापरायचे नाहीत, आणि पाटा बसवल्यावर शंभरेक किलोमीटर चालवून ते पुन्हा आवळायचे. नव्वद टक्के लोक हे दुसरं आवळणं करत नाहीत असं मिस्त्री म्हणतात. आकडा त्यांचा, मी मोजलेला नाही.

चिरलेला पाटा घेऊन बार्शीला कमानवाल्याकडे गेलो. उसाच्या हंगामाच्या तोंडावर त्यांच्याकडे ट्रकांची आणि ट्रॉल्यांची रांग असते, त्यात आमचा पाटा म्हणजे चिमणीची पिसं. तिथे दोन पर्याय मिळतात. एक स्वस्त : बसलेला पाटा थंडच ऐरणीवर घेऊन घणाने ठोकून पुन्हा वाक द्यायचा. दुसरा, नवीन पट्टी भट्टीत लाल करून घडवायची, तेलात विझवायची आणि मग पुन्हा साडेचारशे-पाचशे अंशांपर्यंत तापवून कडकपणा थोडा उतरवायचा. लोहाराच्या भाषेत, पाणी देऊन मग नरम करणं.

पहिला पर्याय का नको, हे जरा समजून घेण्यासारखं आहे. गाडीत बसवलेल्या पाट्यावर भार आला की त्याची वरची, म्हणजे आतल्या वाकाची बाजू ताणली जाते आणि खालची दाबली जाते. थंड पाटा ठोकून वाकवला की ठोकणं थांबल्यावर पोलाद थोडं मागे उसळतं आणि वरच्या बाजूत कायमचा ताण साठून राहतो. म्हणजे गाडीचं वजन येण्याआधीच ती बाजू ताणलेली! त्यावर आणखी भार आला की पाटा लवकर बसतो. घणाचे खड्डे वरच्या बाजूला पडले असतील तर चीर तिथूनच सुरू होते. कारखान्यात नेमकं उलट करतात. तयार पाटा एकदा मुद्दाम सपाटीच्याही पलीकडे दाबतात, म्हणजे वरच्या बाजूत दाब साठतो. आणि त्याच बाजूवर पोलादी छर्‍यांचा मारा करून हा दाब वाढवतात. ‘ठोकलेला पाटा दोन महिन्यांत परत बसतो’ असं ड्रायव्हर लोक म्हणतात, त्यामागे हे रेसिड्युअल स्ट्रेसचं प्रकरण आहे. तेव्हा मुख्य पाटा नवा केला, सिलिकॉन-मँगनीजच्या स्प्रिंग स्टीलचा, डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंना, म्हणजे जोडी सारखी राहील. खालच्या आठ-आठ पट्ट्या जुन्याच ठेवल्या. मात्र त्या तारेच्या ब्रशने घासून, चिरा आहेत का ते केरोसीन आणि खडूने तपासून : पट्टीवर केरोसीन लावून पुसायचं आणि खडूची पूड फासायची, चीर असेल तर तिच्यातलं केरोसीन झिरपून ओली रेघ उमटते. एकही निघाली नाही.

पट्ट्यांच्या मध्ये ग्रीस लावावं की नाही, यावर मतभेद आहेत. काही जण म्हणतात पट्ट्यांचं घर्षण हाच पाट्याचा शॉकॲब्सॉर्बर, तो मारू नये. टांग्यापुरतं हे खरं होतं. जीपला वेगळे टेलिस्कोपिक शॉकॲब्सॉर्बर आहेत, उसळी थांबवणं त्यांचं काम. मी ग्रॅफाइटचं ग्रीस लावलं आणि तेच बरोबर आहे असं माझं मत आहे. कोरडं घर्षण लहान धक्क्याला अडतं आणि मोठ्याला पुरत नाही, म्हणजे नको तिथे हजर आणि हवं तिथे गैरहजर. जुने दोन्ही शॉकॲब्सॉर्बर मात्र हाताने ओढल्यावर सायकलच्या पंपापेक्षा हलके होते, ते बदलावेच लागले.

सगळं बसवून गाडी खाली घेतली. मागची बाजू खाली आली, मिस्त्री पुन्हा लांब जाऊन उभे राहिले आणि ह्या वेळी नुसते हुं म्हणाले. मागे गव्हाचे पन्नास किलोचे तीन कट्टे टाकून, शॉकॲब्सॉर्बर लावण्याआधीच गाडी लयीत दाबून बघितली होती. लय जुळली की ती आपणहून झुलते. दहा सेकंदांत एकोणीस झोके मोजले. कागदावर वीस यायला हवे होते. व्हर्निअर, घड्याळ आणि गव्हाच्या वजनाचा भरवसा लक्षात घेता मला हे उत्तर फार आवडलं. पुढच्या पाट्यांना जादा पट्टी नव्हती. तिथे शॅकल आणि बुश बदलले, ग्रीस भरलं आणि टो-इन दोरी लावून जुळवलं. स्टीअरिंग बॉक्सला हातही लावला नाही.

वाशीच्या रस्त्याला अण्णांनी स्वतः चालवून बघितली. पन्नासला ती सरळ गेली. वळणानंतर त्यांनी स्टीअरिंग जरासं सैल सोडलं, ते हातातून फिरत सरळ झालं. अण्णा काही बोलले नाहीत, पण परत आल्यावर काकांना फोन करून भंगारवाल्याला येऊ नको म्हणून सांगायला लावलं. तपासणीही सुरळीत झाली आणि नोंदणी पाच वर्षांनी वाढली.

‘मग व्हिंटेजमध्ये नोंद का नाही केली?’ असं होस्टेलवर बऱ्याच जणांनी विचारलं. तशी सोय आहे. केंद्र सरकारने २०२१ मध्ये नियम केले : पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षांहून जुनी, चासी-बॉडी-इंजिनमध्ये मोठा बदल न केलेली खासगी दुचाकी किंवा चारचाकी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. नंबर प्लेटवर ‘व्हीए’ ही अक्षरं मिळतात आणि नव्या नोंदणीची फी वीस हजार रुपये. आमची जीप वयाने बसते. पण अशी गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, इंधन भरणं, दुरुस्ती एवढ्यासाठीच. आजीला कुंथलगिरीला नेणं ह्यात कुठे बसेल ते आम्हाला सापडलं नाही, म्हणून साधी नोंदणीच बरी.

आता दर महिन्याला शॅकलच्या निपलांना ग्रीस, पावसाळ्यात पंधरा दिवसांनी. उजव्या ब्रॅकेटवरचं ते तीन थरांचं वेल्डिंग अजून तसंच आहे. ते कापून नवीन ब्रॅकेट रिव्हेट करायचं आहे, पण त्यासाठी बॉडी थोडी उचलावी लागेल, तेव्हा ते सहाव्या सेमिस्टरनंतर. उरलेल्या चार जादा पट्ट्या आजीने लोहाराकडे दिल्या. पाट्याच्या पोलादाला धार चांगली टिकते, त्यामुळे त्याचे कोयते आणि खुरपी आमच्याकडे पूर्वीपासून करतात. दोन कोयते झाले, बाकीची खुरपी.